बेबीताईंची टॉवरविरुद्धची तक्रार

पिपरी मेघे गावातल्या माझ्या घरी बेबीताई पहिल्यांदा आल्या त्या डोक्यावर परात धरून. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. मला वाटलं, काही वाटायला आणलं असेल. पण परात रिकामी आणि पालथी. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी ती काखेत मारली आणि मला म्हणाल्या, "डोक्शावर थो राक्षस उभा हाय अन् तुमी खुशाल चहा पिऊन राह्यले? कमाल हाय बाप्पा तुमची!"

राक्षस म्हणजे मोबाईलचा टॉवर. तो आमच्या गच्चीवर होता. आमच्या म्हणजे घरमालकाच्या. मालक नागपुरात आणि मी खाली भाड्याने. टॉवर लागल्यापासून गल्लीत कुणाची झोप उडाली, कुणाचे केस गळले, कुणाच्या अंगणातल्या चिमण्या गेल्या, सगळं त्याच्याच नावावर जमा होत होतं. बेबीताई समोरच्या घरात राहायच्या. त्यांनी ग्रामपंचायतीत द्यायला अर्ज लिहवून घेतला होता आणि दारोदार सह्या मागत होत्या. मी सही केली नाही. मला त्यात तथ्य वाटत नव्हतं, आणि नाही म्हटलं तर मला अशा अर्जांचा कंटाळाच आहे.

नवरा गेल्यावर बेबीताई पिठाची गिरणी एकट्या चालवत. दिवसभर त्या मोटरीला खेटून उभ्या. मी एकदा त्यांना डिवचलं, "ताई, ही मोटरसुद्धा विजेचीच आहे. हिची नाही भीती वाटत?" भुवयांवरचं पीठ पुसत त्या म्हणाल्या, "मोटर माह्या घरची हाय, भाऊ. बटन दाबलं का चूप बसते. थ्याचं बटन कोनाकडं हाय, सांगा बरं?" मी दळण घेऊन घरी आलो.

ही सगळी धडपड होती वर्षासाठी. वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. तिसऱ्या खेपेला बेबीताईंनी तिला सातव्या महिन्यात माहेरी आणलं, आणि घरातली बरी खोली नेमकी टॉवरच्या समोर. शेणाने रेडिएशन अडतं, असं त्यांना मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं. झालं! शेजारच्या गोठ्यातून घमेली आली आणि त्या खोलीची गुलाबी ऑइलपेंटची भिंत बाहेरून शेणाने सारवली गेली. ऑइलपेंटवर शेण धरत नाही. वाळलं की खपल्या पडायच्या. बेबीताई रोज सकाळी नव्याने सारवायच्या. गल्ली हसायची. मीही हसलो.

मग वर्षाचं डोकं दुखायला लागलं. "पाहा, आता पोरीच्या डोक्शात शिरून राह्यला," बेबीताई म्हणाल्या. मी दवाखान्याचं सुचवलं. "तपासनीच्या तारखेले जानारच हाव. पयले याच्यापासून दूर नेतो तिले," असं म्हणून त्या तिला केळझरजवळ भावाच्या शेतातल्या घरी घेऊन गेल्या. तिथे मोबाईलला काडीची रेंज नाही. बेबीताईंच्या लेखी त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी मला त्यांचा फोन आला, सावंगीच्या दवाखान्यातून. घरून वर्षाची पिशवी आणायला सांगत होत्या. मी पोचलो तेव्हा वर्षाला ऑपरेशनला आत नेलं होतं. बीपी भलतंच वाढलेलं, पाय सुजलेले. आणखी उशीर झाला असता तर दोघांचंही कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. बेबीताई बाकावर बसल्या होत्या.

"भाऊ, तिथं टॉवर नव्हता," त्या म्हणाल्या. "तरी तिचं डोकं ठणकून राह्यलं. डोळ्यापुढं अंधारी. माहा भाऊ म्हने, वावरातली हवा लागू दे, बरं वाटीन. मी म्हनलं, नाई. टॉवर नाई अन् डोकं दुखते, म्हंजे हे टॉवरचं दुखनं नोये. उठवलं अन् घेऊन आली. माय वं, मी तिले भलत्याच दुश्मनापासून लपवून राह्यली होती!" आणि त्या रडल्या. मला त्या घडीला त्यांच्याबद्दल जे वाटलं तो आदरच होता.

मुलगी झाली, मुठीएवढी. बारसं झाल्यावर बेबीताई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन निघाल्या, ज्या ज्या घरी सही मागितली होती त्या प्रत्येक घरी. हातावर घुगऱ्या ठेवायच्या आणि उभ्या उभ्या सांगायच्या, "वर्षाचं डोकं बीपीनं दुखत होतं, टॉवरनं नाई. मी तुमाले चुकीचं सांगतलं." कुणी विचारलं नव्हतं. बहुतेकांना तर कुठली सही हेही आठवत नव्हतं.

ग्रामपंचायतीत दिलेला अर्ज मात्र त्यांनी मागे घेतला नाही. आम्हा सगळ्यांना ते चमत्कारिक वाटलं. दिवाळीच्या सुमारास मालक नागपूरहून आले आणि बेबीताई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मालक घाईघाईने सुरू झाले, "हे पाहा बाई, टॉवरने तब्येतीला काही होत नाही, मोठमोठे शास्त्रज्ञ..."

"थे मीच सगळ्याइले सांगून आली," बेबीताईंनी त्यांना मधेच तोडलं. "तुमी फक्त इचारा."

"काय विचारू?"

"समोर आमचे लेकराबाळाचे घरं हायेत. टॉवर ठेवू का, म्हनून इचारा. लावाच्या आंधी इचाराले पायजे होतं. आता इचारा."

मालक हसले. बेबीताई हसत नाहीत हे पाहून थांबले. मग खाली बघत, शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "ताई, टॉवर ठेवू का?"

बेबीताईंनी मान वर करून टॉवरकडे बराच वेळ पाहिलं. वर्षा तोवर बाळाला घेऊन सासरी गेली होती.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "नातीचा आवाज त्याच्यावरूनच येते."