तास जमवणारी मावसबहीण

जमिनीवर इतक्या नाइलाजाने राहणारं माणूस मी माझ्या मावसबहिणीशिवाय दुसरं पाहिलेलं नाही. रायपूरच्या तात्यापारा या मराठी मोहल्ल्यात ती वाढली, पण बोलताना तिची नजर कायम समोरच्याच्या डोक्यावरून वर. विमान चालवण्याचा परवाना घेऊन ती परत आली तेव्हा साऱ्या मोहल्ल्याला वाटलं, पोरगी आता सोमवारपासून कामावर जाणार. पण कंपन्यांना परवान्याबरोबर उड्डाणाचे भरपूर तासही हवे होते, आणि नोकरी मिळेपर्यंत तास मिळणार कुठून? त्या अडकलेल्या काळात तिने आपलं सगळं वैमानिकपण माझ्या स्कूटरवर काढलं. किल्ली लावण्याआधी ती स्कूटरला पूर्ण प्रदक्षिणा घाली, टायर दाबून पाही, आरसे, दिवे, ब्रेक तपासून प्रत्येकाला मोठ्याने "ठीक" म्हणे. शेजारच्या बूढापारा मोहल्ल्यात भाजी आणायला जायचं असलं तरी यातून सुटका नसे.

"अवं, कोथिंबीर आणायले चाललो आपण, लंडनला नाही," मी वैतागून म्हणे.

"दादा, पडायले लंडन लागत नाही," ती शांतपणे म्हणे.

वाऱ्याशी तर तिचं घरचंच नातं. मावशीने गच्चीवर पापड वाळत घातले, की ही ओलं बोट हवेत धरून अंदाज सांगायची. एकदा म्हणाली, "आई, उचल. वारा वाढून राहिला." मावशीने लक्ष दिलं नाही आणि थोड्याच वेळात उडदाचे पापड शेजारच्या वकिलांच्या अंगणात उतरले. कठड्यावरून वाकून तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "लँडिंग मस्त झालं पण."

नागपूरहून तिला पाहायला मंडळी आली, त्या दिवशी मात्र तिने कमाल केली. मुलाचे वडील आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते, आणि बसायचं नाही असंच ठरवून होते. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सहज विचारलं, "मले सांग बेटा, एवढं जड धूड वरते राह्यते तरी कसं?" झालं! हिने कालच्या पेपरच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. "ओठाखाली धरा, आन् वरून फुंका." फुंकलं की लोंबकळणारी पट्टी विमानाच्या पंखासारखी वर उचलली जाई. मुलगा फुंकतोय, त्याची आई पदर सावरून फुंकतेय, मावशी फुंकतेय, मी फुंकतोय! लग्नाचं बोलणं कुणाला आठवलंच नाही, आणि पुढे ते जमलंही नाही. पण हिवाळ्यात त्या गृहस्थांचा दिल्लीच्या विमानतळावरून तिला फोन आला, "पोरी, पंखाजवळचीच सीट घेतली बरं!"

शेवटी शेजारच्या राज्यातल्या एका लहानशा धावपट्टीवर तिला शिकवण्याची नोकरी मिळाली. विद्यार्थ्याबरोबर उडालं की तिचेही तास वाढत. एका विमान कंपनीत वैमानिकांची निवड जवळ आली होती आणि तिचे तास थोडक्यासाठी कमी पडत होते. अशात मावशीने भरून दिलेला डबा घेऊन मी तिला भेटायला गेलो. ती एका घाबरट विद्यार्थ्याबरोबर धावपट्टीवरून उडून पुन्हा उतरण्याच्या फेऱ्या मारत होती. काही फेऱ्यांनंतर विमान थांबलं, ती खाली उतरली आणि त्याला म्हणाली, "अब अकेले जाओ."

तिचा एक सहकारी माझ्या शेजारी उभा होता. ती जवळ येताच तो म्हणाला, "अजून आठवडाभर सोबत उडाली असतीस, तर तुझे तास भरले असते ना! तो एकटा उडाला तर तुला काय मिळणार?"

"पोट्टा तयार आहे," ती म्हणाली. "त्याले काहून थांबवू?"

विमान उडालं. तिने माझं मनगट धरलं, ते दुखायला लागलं तरी सोडलं नाही. उतरताना विमानाने एक उडी मारली, तिने डोळे मिटले. मग ते सरळ धावत गेलं आणि थांबलं. पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे बाकीच्या पोरांनी त्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ही गवतात फतकल मारून बसली आणि मावशीच्या डब्यातल्या करंज्या एकटीने संपवल्या. मला एकही दिली नाही.

त्या वेळची निवड तिच्याविनाच झाली. ती पुन्हा शिकवायला लागली. पुढच्या खेपेला मात्र बोलावणं आलं, आणि आता ती मोठ्या विमानात कॅप्टनच्या शेजारी बसते.

घरी क्वचितच येते. आली की आधी झोपते. परवा दुपारी मी गेलो तेव्हा ती आत गाढ झोपली होती आणि मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. तेवढ्यात वरून एक विमान गेलं. मावशी सूप बाजूला ठेवून उठली, डोळ्यांवर हात आडवा धरून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिली.

"मावशी, ती तं आत झोपली आहे," मी म्हणालो.

"मले माहीत आहे," मावशी म्हणाली. "पण कोनाची तं पोरगी असंन ना वरते."