माझ्या कोपराचा रिपोर्ट

आमचे हे घोरतात, ही गोष्ट खरवईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत माहीत आहे. आम्ही पहिल्यावर राहतो. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की घोरण्याचं काही नाही, खरी भीती घोरणं थांबलं की वाटते. चांगला गडगडाट चालू असताना आवाज एकदम बंद व्हायचा. छाती हलायची, पण श्वास काही आत जायचा नाही. मग पाण्यातून डोकं वर काढल्यासारखे हे मोठ्याने श्वास ओढायचे. पहिल्या वेळी मी घाबरून कोपर मारलं. हे कुशीवर वळले आणि श्वास सुरळीत झाला. तेव्हापासून बावीस वर्षं मी कोपर मारत आले. पुढेपुढे तर झोपेतच मारायचे, सकाळी आठवतही नसे.

ह्यांची शाळेची व्हॅन आहे. एका शनिवारी मला स्टेशनला जायचं होतं म्हणून मी पुढच्या सीटवर बसले. रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या आळीपाळीने सोडत होते. आमची पाळी आली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी व्हॅन हलेना. बघते तर ह्यांची हनुवटी छातीवर. मी गदागदा हलवलं. मागे मुलं खिदळत होती. त्यातली एक म्हणाली, "काका परत झोपले." ते 'परत' ऐकून मी वळून डोकी मोजली. मागे नऊ लेकरं बसली होती.

"उन्हाने डोळा लागला, एवढं काय त्यात," हे घरी म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला, नाहीतर नऊ आयांना मी स्वतः फोन करते. तोवर व्हॅन तुमचा भाऊ चालवेल. दोन दिवस ह्यांनी फुगून काढले. तिसऱ्या दिवशी शर्ट घालून तयार होते.

उल्हासनगरच्या डॉक्टर बाई सिंधी, मराठी-हिंदी एकत्र करून बोलतात. त्यांनी टेपने ह्यांच्या गळ्याचं माप घेतलं, बीपी बघितलं, तोंडात बॅटरी मारली. मग एक फॉर्म काढला. वाचत बसलात, टीव्ही बघितला, दुपारी आडवे झालात, रहदारीत गाडी थांबली, तर डुलकी लागण्याची शक्यता किती? अशा आठ प्रश्नांना शून्य ते तीन मार्क द्यायचे. ह्यांनी आठही ठिकाणी शून्य सांगितलं. "रहदारीला तीन लिहा," मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चहाडी केली. केलीच होती.

"काकी, रात को श्वास रुकतो का यांचा?"

"रोज."

त्यांनी घरी न्यायला एक छोटं यंत्र दिलं. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा. ते लावून रात्री झोपायचं आणि सकाळी परत करायचं. मी थोडा वेळ बघत बसले, मग मलाही झोप लागली.

रिपोर्ट आला. झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे, पण किरकोळ. हे एकदम खुलले. "उगाच तमाशा केलास. सोमवारपासून व्हॅन मी काढणार." डॉक्टर मात्र कागदावरच्या रेघा परतपरत बघत होत्या.

"काका, तुम्ही रात्रभर इतक्या कुशी बदलता? श्वास रुकला, की लगेच पलटी. हर बार. झोपेत असा टाइम साधून कोण वळतं?"

"मी तर मेल्यासारखा झोपतो," हे म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीच वळवते," मी म्हटलं. "सवय आहे."

डॉक्टर बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "काकी, मग हा रिपोर्ट तुमच्या कोपराचा आहे. परत करू. ह्या वेळी हात लावायचा नाही. श्वास फार वेळ रुकला की शरीर खुद उठवतं त्यांना, घाबरू नका. नाहीतर तुम्ही बाहेर झोपा."

मी बाहेर झोपले नाही. उजवा हात अंगाखाली दाबून भिंतीकडे तोंड करून पडले. घोरणं थांबलं की मनात मोजायचे. पंधरा, वीस, तीस. एकदा चाळीसच्या पुढे गेले आणि आकडे विसरले. हात अंगाखालून निघाला होता. तो मी दातांत धरला. मागून एकदाचा तो भला मोठा श्वास आला आणि मला रडू फुटलं. सोमवारचा विचार करत मी तशीच पडून राहिले. आता ह्या माणसाला वळवलं, तर सोमवारी नऊ लेकरं त्याच्या मागे बसणार होती. सकाळपर्यंत मी त्यांना हात लावला नाही.

ह्या खेपेचा रिपोर्ट आला तो तीव्र आजाराचा. डॉक्टरांनी समजावलं की रात्री श्वास चालू ठेवणारं मास्कचं मशीन लावावं लागेल आणि दिवसाची डुलकी पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवायची नाही. मला वाटलं, आता हे भांडतील. ह्यांनी खिशातून व्हॅनची चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. माझ्या मनगटावर दातांचे वळ होते, ते त्यांना दिसले.

"तो आठ प्रश्नांचा कागद द्या," हे डॉक्टरांना म्हणाले. "माझा खोटा होता. आणि एक हिचापण भरा."

ह्यांनी सगळी खरी उत्तरं दिली. मग डॉक्टर मला विचारू लागल्या. टीव्ही बघताना? तीन. दुपारी आडवं झाल्यावर? तीन. बसून कोणाशी बोलताना? मला सत्यनारायणाच्या पूजेत लागलेली डुलकी आठवली. दोन, मी म्हटलं. बेरीज झाली तेव्हा माझे मार्क ह्यांच्यापेक्षा दोनाने जास्त आले.

ह्यांनी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मशीन आजच मिळेल का?" ह्यांनी विचारलं. "हिला झोपायचंय."