पेडगावच्या खेळानंतर

"बाहेरून जखम लहान दिसते बाई, पण आत बरंच जळालंय. हे बोट वाचेल असं वाटत नाही."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा मी माझ्या उजव्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तर्जनीवर पांढरट, सुकलेला खळगा होता. दुखत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. डॉक्टर म्हणाले, दुखणं कळवणाऱ्या नसाच जळाल्यात. याला इलेक्ट्रिक बर्न म्हणतात. करंट कातडीतून शिरतो, आतलं मांस भाजत जातो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. माझ्या टाचेला एक काळा डाग होता, तिथून तो जमिनीत गेला होता.

कसं झालं, असं त्यांनी विचारलं. "प्रयोग करताना," मी म्हणाले. मला घेऊन आलेले आमचे हेडमास्तर साधेपणानं म्हणाले, "पेडगावला बाईंचा खेळ होता."

खेळ हा शब्द लागला, कारण तो खरा होता.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. सत्तर सालानंतरची ती वर्षं. खेड्याखेड्यात विजेचे खांब येत होते आणि लोक तारांना काठ्या लावून बघत होते. त्यांना धोका कळावा म्हणून मी थिएटरच्या जुन्या निऑन दिव्यांच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर मिळवला. तो घरातल्या विजेचा दाब कितीतरी पटींनी वाढवतो. दोन तांब्याच्या सळ्यांमधून निळी ठिणगी तडतडत वर चढायची, कागद धरला की पेटायचा. आधी पोखर्णी झाली, मग जिंतूरकडची गावं. हळूहळू धोका सांगायचा राहिला आणि टाळ्या आवडू लागल्या. कागदाऐवजी मी बोटच ठिणगीजवळ नेऊ लागले.

पेडगावात मागच्या बायकांना दिसेना, म्हणून करंट जमिनीत जाऊ नये यासाठी मी ज्यावर उभी राहायचे, त्या लाकडी पाटावरून खाली उतरले. अंगणात धूळ बसावी म्हणून पाणी मारलेलं, माझ्या पायांत चप्पल नाही. बोट सळीला लागलं आणि मूठ आवळली गेली. सोडता येईना. शाळेच्या शिपायानं मेन स्विच ओढला.

कुणाला करंट लागला तर त्या माणसाला हात लावू नका, आधी स्विच बंद करा. आणि जखम मुगाएवढी असली तरी दवाखाना गाठा. माझा ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. लघवीचा रंग रोज बघायचे, कारण जळालेलं मांस रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. त्यातून मी वाचले.

बोट मात्र काळं पडत गेलं. गँगरीन, म्हणजे रक्त न पोचल्यानं मांस मरणं. ते कापलं त्या दिवशी मी रडले नाही. रडले ती नंतर, भेटायला आलेल्या एका बाईनं दारातूनच "करंटवाली बाई हीच का?" असं विचारलं तेव्हा. तिच्या मागे माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. त्या फरशीकडे बघत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

माझ्याजवळ माय होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण करून तिनं मला बी.एस्सी. केलं. एका हातानं भाकरी मोडत नाही, लुगडं नेसता येत नाही, वेणी घालता येत नाही. ते सगळं माय करायची. तिच्या हातांना भेगा होत्या, त्यात माझे केस अडकायचे. शेजारच्या खाटेवरच्या बायका बघायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी वेणी घालता घालता तिनं विचारलं, "ते कसं असतंय गं? लोकं लय नवल करायलेत."

मी सांगितलं. करंटला जमिनीत जायचं असतं, तो वाट शोधतो, मी ओल्या जमिनीवर उभी राहिले आणि मीच त्याची वाट झाले. यंत्र नव्हतं, टाळ्या नव्हत्या. किती तरी दिवसांनी मी काहीतरी शिकवत होते. ती मधे मधे विचारत होती, आणि तिला सगळं समजत होतं.

मग ती म्हणाली, "इत्क्या गावाला दावलंस. मला का न्हाई नेलंस?"

खरं काय ते मला माहीत होतं. तिचं ठिगळाचं लुगडं, तिचं मोठ्यानं बोलणं. हेडमास्तरांशेजारी खुर्चीवर ती कशी दिसेल, याचा मी विचार केला होता. "लाज वाटायची," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "वाटली आसंल," ती म्हणाली. "सरळ बस. येणी वाकडी व्हायलीय."

मी सरळ बसले. तिनं वेणी पुरी केली, शेवटाला रिबीन बांधली आणि भाकरीचा डबा उघडला. शेजारच्या बाईनं विचारलं, ही तुमची कोण? भेटायला आलेल्या लोकांनी वॉर्ड भरला होता. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी सांगितलं, "माझी माय हाय." आणि तिनं पुढे केलेला घास खाल्ला.