विल्सनच्या दोन खोल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. उलट भलतंच सांगत आलो — की विल्सनने मला फसवलं, माझा घरमालक फोडला. कतारला, दोह्यात माझ्याबरोबर जेवायला बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलंय.

अजूनही त्याचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. आधीच सांगून ठेवतो — नाहीतर तुम्हाला वाटायचं, म्हातारा निवळला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सांगोल्याकडचा प्लंबर. घरोघरी नळ दुरुस्त करता करता लक्षात आलं — अरब मालकांना भाडेकरू शोधायची दगदग नको असते, आणि कंपन्यांना माणसं ठेवायला घरं मिळत नाहीत. मधे कुणी उभं राहायचं? मी राहिलो. मालकाकडून अख्खं घर करारावर उचलायचं, पुढच्या तारखांचे चेक द्यायचे, आणि पहिल्या चेकची तारीख यायच्या आत ते घर जास्त भाड्याने कंपनीला लावून द्यायचं. वरचा फरक माझा. खिशातून एक रियाल घालायचा नाही.

पण चेकला बँकेत खातं लागतं. माझं कुठे होतं? विल्सनचं होतं. विल्सन वसईचा, एका ऑफिसात टायपिस्ट, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा. चेक वटला नाही तर तुरुंगात तो जाणार, मी नाही — हे दोघांनाही माहीत होतं. बदल्यात त्याने एकच मागितलं. अल मन्सूरा वस्तीतल्या त्या पहिल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, त्याच्या नावावर. राहायला घर दाखवल्याशिवाय बायको-मुलीला आणायची परवानगी मिळत नव्हती. मुलगी रांगत असताना तो निघून आला होता. मी म्हटलं, झालं म्हणून समज.

सुट्टीच्या दर शुक्रवारी जाऊन त्याने त्या खोल्या स्वतः रंगवल्या. निळ्या फुलांचे पडदे शिवून घेतले. "सदाभाऊ, बायको विचारते, खिडकीतून समुद्र दिसतो का? मी हो म्हणून बसलोय. आता तुम्हीच समुद्र इकडे आणा!"

मग कंपनीचा माणूस घर बघायला आला. मी त्याला आधी कुठल्या खोल्या दाखवल्या असतील? त्याच. तो खूश झाला. म्हणाला, आमच्या इंजिनिअरांसाठी घेतो — पण घेईन तर अख्खं घर. मी एका वॉशरसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी केली का? केली की. भाड्यासाठी. खोल्यांसाठी एक शब्द नाही.

विल्सनला सांगितलं, मालकाने घर परत घेतलं. अरबाची मर्जी, आपण काय करणार?

इथे माझी हुशारी कमी पडली. घर परत गेलं तर चेकही परत यायला हवेत ना? हे मला सुचलंच नाही. विल्सन सरळ माणूस — मोडक्यातोडक्या अरबीत आपले चेक मागायला मालकाकडे गेला. मालक म्हणाला, कसलं परत? तुझ्या दोस्ताने ते कंपनीला दिलं. मला तोंडी कबूल केलेलं आपलं दुसरं घर त्याने तिथल्या तिथे विल्सनला देऊन टाकलं. मी गेलो तेव्हा हे सगळं मला ऐकवलं आणि म्हणाला, खलास, तुझा-माझा व्यवहार संपला.

त्या संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांसमोर मी विल्सनची कॉलर धरली. चोर म्हणालो. माझा मालक फोडलास म्हणालो. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलला असता तर मी संपलो असतो. बोलला नाही. तेव्हाही नाही, पुढेही कधी नाही. का नाही बोललास रे? राग येतो तो ह्याचा. खोटा ठरलो असतो, भांडलो असतो, विषय मिटला असता. त्याने ते खोटं माझ्याजवळच राहू दिलं.

ते दुसरं घर रिकामं व्हायला वर्ष उलटून गेलं. मग विल्सनने बायको-मुलीला आणलं तेव्हा मुलीने विमानतळावर त्याला अंकल म्हणून हाक मारली. मला हे कुणीतरी सांगितलं. ऐकून मी हसलो.

चेक सगळे वटले. त्याचं काही बुडालं नाही — असं मी स्वतःला किती वेळा म्हटलं असेल?

एक सांगायचं राहिलंय. मालकाने घर परत घेतलं हे सांगायला मी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. कंपनीची माणसं यायच्या आधी ते पडदे मीच उतरवले होते, नीट घडी घालून. त्याच्या हातात देत म्हणालो, "एवढे तरी सोडवून आणले बघ तुझ्यासाठी."

त्याने ते छातीशी धरले.

"तुम्ही होता म्हणून, सदाभाऊ," म्हणाला.