पुण्यावर पाय ठेवायचा नाही

प्रमिलाबाई गेल्याची बातमी मला इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलच्या ऑफिसात, आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि ती संपायच्या आत कुणीतरी विचारलं, ‘मग संडेची ढोल प्रॅक्टिस कॅन्सल का?’ फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला. मारला नाही. आमच्यासारखे लोक राग खिशात घालून मीटिंगला जातात. त्याला सहा आठवडे झाले, राग अजून तिथेच आहे, म्हणून लिहितो आहे.

बाई अकोल्याच्या. तिथल्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि नवरा गेल्यावर मुलाकडे लंडनच्या हाउन्सलोला आल्या. मंडळाची शनिवारची मराठी शाळा मेडनहेडच्या एका हॉलमध्ये भरते. बाई आधी बस, मग ट्रेन करत यायच्या, मागे भाजीची चाकाची ट्रॉली ओढत. ट्रॉलीत घडी घातलेला भारत असायचा. चादरी जोडून, पालकांकडून जुने कपडे मागून बाईंनी तो नकाशा स्वतः शिवला होता. काश्मीरला शाल, राजस्थानला पिवळी ओढणी, वऱ्हाडच्या काळ्या मातीला काळं मखमल, नद्यांना निळी लोकर. पुण्याला हातरुमालाएवढा खणाचा तुकडा. अंथरला की अर्धा हॉल भरायचा.

पहिल्याच दिवशी त्या मुलांना म्हणाल्या, “आपापल्या गावावर उभे राहा.” सगळी पोरं त्या खणावर, एकमेकांच्या पायांवर पाय देऊन. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “अरे बाप्पा! एवढा मोठा देश रिकामा, अन् सगळे एका रुमालावर?” त्या दिवशी नियम झाला. पुण्यावर पाय ठेवायचा नाही. आधी सगळा देश फिरून यायचा, पुणं शेवटी. आणि जिथे उभं राहाल तिथली तीन उत्तरं द्यायची... आज सकाळी काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, आणि आई कुठल्या भाषेत ओरडली.

माझी इरा तेव्हा नऊ वर्षांची. ती राजस्थानातल्या बाडमेरवर उभी राहून आली आणि घरी मी दाढी करत असताना नळ बंद करून गेली. “बाबा, तिथला मुलगी पाणीसाठी खूप चालते.” मी हसलो होतो. हसण्यासारखं काय होतं, आता आठवत नाही.

मग पालकांची कुरकुर सुरू झाली. आम्ही मूळचे पुण्याचे, आणि आमच्याच मुलांना पुण्यावर बंदी! मीटिंगमध्ये मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “बाई, थोडं फन ठेवा ना. स्टेट्स, कॅपिटल्स, फोक डान्स. छान क्विझ घेऊ.” बाई ताडकन म्हणाल्या, “राजधान्या पाठ करून देश कळला असता, तर पोपटाला भूगोलाचा मास्तर केला असता.” तेवढ्यात एकजण बोलला, “पण बाई, मराठी शाळेत नागालँड कशाला?” सगळे हसले. तो एकजण मीच. मी सेक्रेटरी होतो. ‘पुढच्या टर्मपासून क्लासचं स्वरूप बदलत आहोत’ ही गोड ईमेलही माझीच.

बाई भांडल्या नाहीत, फक्त यायच्या थांबल्या. शेवटच्या शनिवारी हॉलच्या स्टोअररूममध्ये ठेवलेला नकाशा तिथेच राहिला. गेल्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. “समीर, तेवढा नकाशा आणून देशील का रे? मला आता ट्रेनचे जिने होत नाहीत.” मी म्हटलं, “हो बाई, याच वीकेंडला.” मेडनहेडहून हाउन्सलो गाडीने असं कितीसं लांब? पण मला ठाऊक होतं की आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या जेवणात हॉलचं कार्पेट खराब होऊ नये म्हणून आम्ही तो नकाशा टेबलांखाली अंथरला होता. रश्श्याचं तेल ओडिशाभर पसरलं होतं. तसा कुठल्या तोंडाने नेऊन देणार? आधी ड्राय क्लीन करू म्हटलं. मग ख्रिसमस आला, मग प्रोजेक्टचं गो-लाइव्ह... आणि मग बाईच गेल्या.

त्याच हॉलमधल्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, “बाईंनी आपल्या मुलांना त्यांची रूट्स दिली.” लोकांनी डोळे पुसले. मला त्यांची लाज वाटली, माझी त्याहून जास्त. मी उठलो, स्टोअररूम उघडली आणि ढोलांखालून नकाशा ओढून गाडीत टाकला. अध्यक्ष मागून म्हणाले, “अरे, तो मंडळाचा आहे!” मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते छापता येणार नाही. पण हा आवाज दोन वर्षांपूर्वी त्या मीटिंगमध्ये काढला असता तर काही उपयोग होता.

घरी सोफे सरकवून नकाशा अंथरला. आसाम झिजून पातळ झाला होता, बाडमेरची ओढणी विरली होती, शालीची लोकर मुलांच्या मोज्यांनी उडाली होती. खणाचा तुकडा मात्र कोराकरकरीत. एकही मूल देश पुरता फिरून तिथवर पोचलं नव्हतं. आम्ही पोचू दिलं नव्हतं.

इरा आता तेरा वर्षांची आहे. दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, “जा, राहा उभी पुण्यावर. आता कोण बोलणार आहे?”

“नो, बाबा. माझा नागालँड राहिला आहे.”

तिने मोजे काढले, तेलाचा डाग ओलांडला आणि पार उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. “आता विचार ना. बाई विचारायच्या ते.”

मी विचारलं, “आज सकाळी काय खाल्लंस?”

तिने पायाखालच्या कापडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “आय डोन्ट नो. तू सांग.”

मलाही माहीत नव्हतं.