नॉर्वेच्या झग्यातला चौबगला

साकोलीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. बढती हवी तर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध पाहिजे, असं विभागप्रमुखांनी बजावलं. जिल्ह्यातल्या तलावांवर लिहू का, विचारलं तर म्हणाले, "मॅडम, विषयसुद्धा आंतरराष्ट्रीय पाहिजे." मग मी मध्ययुगीन स्कँडिनेव्हियातले कपडे निवडले. भंडारा जिल्ह्यात ते तपासायला कोणी येणार नाही, हा त्या निवडीमागचा शास्त्रीय आधार.

इंटरनेटवर एक जाडजूड ग्रंथ सापडला. गोठलेल्या जमिनीतून निघालेल्या लोकरी झग्यांवर नॉर्वेतल्या एका बाईंनी उभं आयुष्य घालवलं होतं. पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं: जगभरातल्या वाचकांसाठी मोफत खुला. मी कृतज्ञतेनं उघडला. पुढची चारशे पानं नॉर्वेजियनमध्ये. शेवटी दीड पान इंग्रजी सारांश. झगे लोकरीचे होते आणि तिकडे थंडी असते, एवढं जगाला कळावं अशी सोय त्यात केलेली होती.

मी मोबाइलवरचं भाषांतराचं अ‍ॅप लावलं. त्यानं न अडखळता सांगितलं, "झग्याच्या दोन्ही बाजूंना गुदगुल्या शिवल्या आहेत. बगलेत एक लहान गुदगुली आहे." आठवडाभर मी त्या दोन वाक्यांवर संशोधन केलं. वहीत 'हास्यविधी?' असंही लिहून ठेवलं. पीएच.डी. झालेल्या माणसाला काहीच अशक्य वाटत नाही.

शनिवारी सानगडीला माहेरी गेले. माझं लग्न झालं त्याच्या कितीतरी आधीपासून आई तिथं शिलाईकाम करते. ब्लाउजला हूक लावत बसली होती. तिच्यापुढं ग्रंथातला आराखडा धरला.

"कळ्या होत थ्या," ती म्हणाली. "घेर याले पायजे म्हून लावल्या. आन बगलेत हा चौबगला. नाही लावला तं हात वर करताच फाटते."

"पण इथं गुदगुल्या लिहिलंय."

"कोनं लिहलं? त्याले शिवता येते का?"

शब्दकोश पाहिला. नॉर्वेजियनमध्ये कपड्याची कळी आणि गुदगुल्या करणं, दोन्हींना एकच शब्द. मला आठवडा लागला होता. सातवी शिकलेल्या आईला हूक खाली ठेवावा लागला नाही.

तिला आता तो झगा सोडवेना. मांजरपाट काढला, मी मापं वाचली, तिनं कापलं. रविवारी दुपारी मशीन थांबवून म्हणाली, "चित्रात चूक आहे. दोन्ही बाह्या डाव्याच काढल्या. असा झगा कोन घालन?"

एवढ्या मोठ्या विदुषीला कसं कळवायचं, म्हणून मी कचरले. "काहून?" आई म्हणाली. "चूक आहे तं सांगाले काय होते?"

मी ईमेल पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाई संग्रहालयातून निवृत्त झालेल्या. छपाईतली चूक त्यांनी मान्य केली आणि लिहिलं, "आजवर मला ग्रंथ वाचणारे भेटले, शिवणारं कोणी भेटलं नाही. तुमच्या आईशी बोलता येईल का?"

व्हिडिओ कॉलवर आईनं हात जोडून "जयभीम" म्हटलं. तिकडूनही अडखळत "जयभीम" आलं. मी दुभाषी म्हणून नटूनथटून बसले होते. पाच मिनिटांत माझी गरज संपली. आई बाही उलटी करून शिवण दाखवत होती, बाई आपल्या कापडावर बोट फिरवत होत्या, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलून राहिल्या होत्या. मी चहा ठेवायला उठले, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

यथावकाश माझा निबंध छापून आला. इंग्रजीत, आणि वर्गणीदार विद्यापीठांनाच उघडणारा. आमच्या कॉलेजातही उघडत नाही. विभागप्रमुखांनी न वाचता अभिनंदन केलं. आईला मी मराठीत वाचून दाखवला. 'एका स्थानिक माहितीदाराच्या मते' इथं तिनं थांबवलं.

"थो कोन?"

"तू," मी म्हटलं.

"असं होय," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी संपादकांना दुरुस्तीसाठी लिहिलं. छापल्यावर बदल होत नाही, असं सभ्य उत्तर आलं. नॉर्वेच्या बाईंनी मात्र दुरुस्त आराखडा इंटरनेटवर टाकला. त्याखाली आईचं पूर्ण नाव होतं, पुढं सानगडी, आणि त्यानंतर नॉर्वेजियनमध्ये एक लांबलचक वाक्य. आईनं नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं. पुढचं वाक्य मी अ‍ॅपमध्ये टाकलं नाही. बाईंनाच फोन लावून विचारलं.