चिपच्या पोटातला तक्ता

त्या शाळेची आठवण निघाली की अजूनही माझं डोकं उठतं.

पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी मी वालूरला घरी बसून काम करते. कंपनी स्विच बनवते, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा. डब्यातल्या चिपमध्ये एक तक्ता असतो: कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या कुठल्या खाचेवर आहे. चिपला तो भरून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. आमचा एक डबा पालमकडच्या एका शाळेत बसवला आणि तिथंच माशी शिंकली.

भिंतीकडचा संगणक उचलून खिडकीकडं नेला की त्याचं नेट बंद पडायचं. परत जुन्या जागी आणला की सुरू. मग कुणालाही काय वाटणार? खिडकीकडची वायर खराब. हेडमास्तरांनी भर पालकसभेत सांगूनही टाकलं, बोगस वायर टाकली म्हणून. वायर टाकणारे मामा साठीचे, गावातलेच. उभा जन्म टेलिफोनच्या अन टीव्हीच्या तारा ओढण्यात गेलेला. या वयात दोनदा शिडीवर चढून त्यांनी ती वायर बदलली, तरी तेच. गावात त्यांना कुणी काम सांगेना.

ते मला फोन करायचे. "ताई, वायर खणखणीत हाय. तुमच्या डब्यात काय चाललंय ते बघा की."

"बघितलं मामा. सगळं बरोबर दिसतंय."

"पर कुठं बघितलं?"

आता काय सांगू! मी बघत होते तो तक्ता चिपमधला नव्हताच. चिपमध्ये लिहिताना ड्रायव्हर एक प्रत स्वतःजवळ ठेवतो, आणि आम्हाला पडद्यावर दिसायची ती ही प्रत. मामांना हे सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "म्हंजे सातबाऱ्यावर कापूस अन रानात तूर! ताई, रानात जाऊन बघा."

रानात जायचं म्हणजे चिपमधला खरा तक्ता ड्रायव्हरनं वाचून बाहेर द्यायचा, साध्या प्रोग्रामला दिसेल असा. दोन दिवसांचं काम. पण आमचे पुण्याचे साहेब! "आतलं कशाला उघडं पाडायचं? गिऱ्हाईक नाही नाही ते प्रश्न विचारेल. प्रत बरोबर आहे ना? मग चिपही बरोबर." अहो, पण तेच तर तपासायचंय! तीन मीटिंगा झाल्या, तेच गुऱ्हाळ. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणे. इकडं एका माणसाची अब्रू चाललीय आणि यांचं 'बघू' संपेना. शेवटी माझं टाळकं सटकलं. कुणाला न विचारता लिहून काढलं आणि शाळेच्या डब्यात घरूनच चढवलं.

पहिल्याच वाचनात चोर सापडला. खिडकीकडं नेलेला संगणक प्रतीत सातव्या पोर्टवर, चिपमध्ये मात्र अजून तिसऱ्यावरच, म्हणजे भिंतीकडच्या. जुनी नोंद पूस म्हटलं की चिप कधीकधी 'आत्ता सवड नाही' असं कळवते. ते उत्तर मी वाचतच नव्हते. पुसलं असं धरून प्रत बदलून मोकळी. म्हणजे इतके दिवस ज्यांच्यावर मी करवादत होते त्यातल्या कुणाचीच ही चूक नव्हती, माझी होती. स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

रात्रीच ती चूक दुरुस्त करून डब्यात चढवली. दुसऱ्या दिवशी एसटीनं परभणी, तिथून पालम. मामांना शाळेत बोलावून घेतलं आणि हेडमास्तरांसमोर कालचे दोन्ही तक्ते उघडले. "वायर चांगली होती सर. चूक माझी."

"असं होय?" हेडमास्तर म्हणाले. "झालं ना सुरू? मग सोडून द्या. मामा, आता स्टाफरूमची पण वायर ओढून टाका."

सोडून द्या! भर सभेत बोलताना कुठं सोडून दिलं होतं? मी तोंड उघडणार तोच मामा बोलले.

"वायरीचं मागून बघू साहेब. माझी नात हितंच आठवीला हाय. पोरी तिला बोगसवाल्याची नात म्हणायल्यात. साळंला येत न्हाई म्हणून बसली व्हती, आज वढून आणलीय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, तुमी तिच्या वर्गात चला. तितं सांगा."

गेले. तक्ता काय, प्रत काय, जमेल तसं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "हिच्या आजोबांची वायर चांगली होती. चूक माझी होती." मामांची नात मान खाली घालून बसलेली.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, मग त्यांना बोगस म्हणलं कोण?"

हेडमास्तर माझ्या मागं दारातच उभे होते. सगळा वर्ग त्यांच्याकडं बघायला लागला. नातीनंही मान वर केली.